आधी पासंग बघ

निपाणीच्या बाजारपेठेत आमचं धान्याचं दुकान होतं. छोटंच. पुढं कट्टा, कट्ट्यावर पोत्यांची रांग आणि मधोमध साखळ्यांनी टांगलेली पितळी पारड्यांची तागडी. अप्पा तिला तागडी म्हणत, अव्वा तक्कडी म्हणे. गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत दुकान बोलायचं. अक्का आणि मी, दोघी बहिणी या दोन शब्दांच्या मधेच कुठंतरी वाढलो.

शाळेला सुट्टी लागली की अप्पा मला तागडीजवळ उभं करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट शिकवली. वजन टाकायच्या आधी रिकामी तागडी उचलायची आणि काटा बघायचा. काटा मधोमध उभा राहिला तर ठीक. एक पारडं खाली गेलं तर हलक्या बाजूला एखादा खडा नाहीतर चिंधी बांधून दोन्ही सारखी करायची. हाच पासंग. "आधी पासंग बघ, मग वजन टाक," असं अप्पा म्हणत. गर्दीत मी विसरले की आतून अव्वाचा आवाज यायचा, "मोदल तक्कडी नोड!"

दुसरी गोष्ट वजनांची. लोखंडी वजनाच्या तळाशी शिशाचा एक गोल ठिपका असायचा आणि त्यावर सरकारी शिक्का. ठराविक काळानं वजनं तपासून नवा शिक्का मारून घ्यावा लागे. लहानपणी मला वाटायचं, लोखंड ते, त्याला काय होणार? अप्पा सांगायचे, "हातानं झिजतं गं. एका किलोमागं दहा ग्रॅम गेलं तर कुणाला कळतंय? पण वीस किलोचं पोतं तोललं की दोनशे ग्रॅम जातं. थोडक्यात चूक थोडी, मोठ्या मापात मोठी."

अप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानही राहिलं नाही. पण त्यांच्या या दोन वाक्यांची आठवण मला गेल्या हिवाळ्यात झाली, आणि तीही भोपाळमध्ये, एका लहानशा इलेक्ट्रॉनिक डब्यासमोर.

माझी अक्का भोपाळला असते. दाजी मूळचे तिथलेच. त्यांचे वडील भेलच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि कुटुंब तिकडचंच झालं. दाजींनी उभा जन्म कारखान्यांच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काढला. दाब, तापमान, पातळी मोजणारी यंत्रं लावायची, तपासायची, बिघडली की दुरुस्त करायची. आता निवृत्त झालेत, पण हात स्वस्थ बसत नाहीत. अव्वाचं दुखणं झाल्यापासून अक्का सारखी म्हणत होती, "थंडीत तिला इकडं घेऊन ये, चार दिवस माझ्याजवळ राहू दे." म्हणून मिरजेला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलो आणि मी, अव्वा आणि बेसनाच्या लाडवांचा डबा असे भोपाळला पोचलो.

दाजींच्या खोलीत टेबलावर एक डबा होता. त्यातून दोन तारा निघून खिडकीबाहेर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत गेलेल्या. डब्याच्या पडद्यावर पाण्याचं तापमान दिसायचं आणि दर मिनिटाला त्याची नोंद व्हायची. अशा यंत्राला डेटा लॉगर म्हणतात. कारखान्यात शेकडो तारांवर चालणारी मोठी यंत्रणा असते, हे तिचं घरगुती पिल्लू. आम्ही गप्पा मारत बसलो होतो आणि मधेच डब्यातून 'टक्' असा आवाज आला. दहा मिनिटांनी पुन्हा 'टक्'.

"एन सप्पळ अदु?" अव्वानं विचारलं.

दाजींना कन्नड बोलता येत नाही, पण इतक्या वर्षांत कळतं सगळं. ते हसले. "अव्वा, ते यंत्र स्वतःला तपासून बघतंय," म्हणाले, आणि मला समजावू लागले.

पाण्यातल्या त्या तारा म्हणजे थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडल्या की उष्णतेनं त्यांत किंचित विजेचा दाब तयार होतो. किंचित म्हणजे किती, तर दाजींच्या तारेत दर अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या दहा लाख भागांतले 41. आणि हा दाब वाचून त्याचा आकडा करणारी जी चिप आहे, तिच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. त्यांच्या चिपमध्ये 5 व्होल्टचे 4,096 भाग पडतात, म्हणजे एक पायरी सव्वा मिलिव्होल्टच्या आसपास. हिशेब केला तर पाणी जवळजवळ 30 अंशांनी तापेपर्यंत आकडा एका पायरीनंसुद्धा हलणार नाही. हळू बोलणारा माणूस आणि कमी ऐकू येणारा माणूस समोरासमोर बसवल्यासारखं. म्हणून मधे एक वाढवणारा भाग लागतो. आत येईल ते शंभर पट करून तो पुढं देतो. हा जो पट, त्याला गेन म्हणायचं. गेन शंभर असला की एक पायरी 30 अंशांऐवजी अंशाच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते.

"पण हा शंभर कायम शंभर राहत नाही," दाजी म्हणाले. पट ठरतो तो आतल्या छोट्या रोधकांच्या प्रमाणावर. ते तापतात, निवतात, जुने होतात. भोपाळला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, जानेवारीच्या रात्री दहाच्या खाली. शंभरचा अठ्ठ्याण्णव कधी झाला, कुणाला कळत नाही. आणि कळत नाही याचं कारणही गमतीचं आहे. गेन पाच टक्क्यांनी उतरला तर 20 अंशांच्या पाण्यात एका अंशाचा फरक पडेल. कोण लक्ष देतंय? पण तेच 200 अंशांवर दहा अंशांची चूक.

मी म्हटलं, "म्हणजे झिजलेलं वजन!"

"अगदी. आणि दुसरी एक चूक असते. आत काहीच नसताना यंत्र थोडंसं काहीतरी दाखवतं. शून्याच्या जागी तीन."

"तो पासंग."

दाजी कारखान्यात चाळीस वर्षं जे शब्द इंग्रजीत वापरत आले, ते आमच्या कट्ट्यावर आधीपासून होते म्हणायचे.

तो 'टक्' आवाज एका छोट्या स्विचचा होता. दर दहा मिनिटांनी यंत्र थर्मोकपलची तार क्षणभर बाजूला करतं आणि तिच्या जागी आधी नुसतं शून्य लावून बघतं. समजा, आकडा आला 3. मग ज्याचं मोल पक्कं माहीत आहे असा एक प्रमाण दाब लावतं. यायला हवेत 2,000, आले 1,963. त्यातले 3 पासंगाचे वजा केले की उरले 1,960. म्हणजे दोन हजारांचे एकोणीसशे साठ दिसतायत. एवढं कळलं की झालं. पुढं टाकीकडून 983 हा आकडा आला तर त्यातून 3 वजा करायचे, उरलेल्या 980 ला दोन हजारांनी गुणून एकोणीसशे साठनं भागायचं. उत्तर बरोबर 1,000. पेचकस लावायला नको, की माणूस यायला नको. यंत्र आपला हिशेब आपणच सुधारून घेतं. गेनची ही आपोआप होणारी तपासणी आता चांगल्या नोंद-यंत्रांत असतेच. काही यंत्रं तर याच्या पुढं जाऊन, येणारा आकडा पट्टीच्या वरच्या टोकाला टेकू लागला की गेन आपणच कमी करून घेतात. मोजमाप पट्टीबाहेर जाऊ नये म्हणून.

अव्वा इतका वेळ शांत ऐकत होती. पुन्हा 'टक्' झालं तशी म्हणाली, "मोदल तक्कडी नोडतैती."

दाजींनी टाळी दिली. एका तासाचं व्याख्यान तिनं तीन शब्दांत संपवलं होतं.

भूगोल शिकवणाऱ्या बाईला गप्प बसवत नाही. मी विचारलं, "पण तो प्रमाण दाब खरा कशावरून?" वर्गात मी मुलांना सांगत असते की पाणी 100 अंशांना उकळतं हे समुद्रकाठचं खरं. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. इथं पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. कुणी उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून त्यावर 100 ची रेघ ओढली, तर पुढची सगळी मापं चुकीची येतील, आणि ती चूक आत्मविश्वासानं येईल. दाजी म्हणाले, म्हणूनच प्रमाणालाही प्रमाण लागतं. यंत्रातला प्रमाण दाब ठराविक काळानं प्रयोगशाळेत नेऊन वरच्या प्रमाणाशी ताडायचा, ते त्याहून वरच्याशी, असं करत ती साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते.

आमच्या अप्पांच्या किलोचंही तेच. शिशाच्या शिक्क्यामागं चढत चढत गेलं की दिल्लीत ठेवलेला भारताचा 57 क्रमांकाचा किलो आणि त्याच्याही मागं पॅरिसजवळ काचेच्या घंटांखाली जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा मूळ किलो. त्या मूळ किलोत आणि त्याच्या भावंडांत शंभर वर्षांत मायक्रोग्रॅममध्ये का होईना, फरक पडत गेला. शेवटी 20 मे 2019 पासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून काढून निसर्गातल्या एका स्थिरांकावर नेली. जगातलं सगळ्यात जपलेलं वजनसुद्धा तपासण्यापासून सुटलं नाही.

मग दाजींनी एक गंमत केली. खिडकीबाहेरची तार ओढून घेतली आणि तिचं टोक टेबलावर ठेवून दिलं. पडद्यावर खोलीचं तापमान दिसू लागलं. दहा मिनिटांनी 'टक्' झालं, आणि यंत्रानं शांतपणे दाखवलं, तपासणी ठीक.

"बघ," ते म्हणाले. "याच्या लेखी सगळं उत्तम चाललंय. स्वतःचं पोट त्यानं तपासलं. तार टाकीत आहे की टेबलावर, हे त्याला कळत नाही. ते बघायला माणसानं जिना चढून गच्चीवर जायला लागतं."

थोडा वेळ थांबून म्हणाले, "उद्या तुला एका ठिकाणी नेतो."

दुसऱ्या दिवशी ते मला जुन्या भोपाळकडं घेऊन गेले. अव्वा आणि अक्का घरीच राहिल्या. जयप्रकाश नगरच्या रस्त्याला एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला लांबच लांब भिंत आणि भिंतीपलीकडं झाडीत गंजत उभे असलेले सांगाडे. युनियन कार्बाइडचा कारखाना. इकडच्या बाजूला मूल उराशी धरलेल्या आईचा पुतळा आहे. तिथं साठवलेला 337 टन विषारी कचरा 2025 च्या जानेवारीत पीथमपूरला हलवला, तोवर चाळीस वर्षं उलटून गेली होती.

दाजी त्या वेळी विद्यार्थी होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. सकाळी मित्रांबरोबर हमीदिया रुग्णालयात पाणी द्यायला गेले. तिथं काय पाहिलं ते त्यांनी त्या दिवशीही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं ते काट्यांबद्दल. पुढं आयुष्यभर काट्यांचंच काम केलेला माणूस तो.

2 डिसेंबर 1984, रविवार. रात्री दहा वीसच्या सुमारास 610 क्रमांकाच्या टाकीतला दाब नोंदला गेला 2. मोजमाप दर चौरस इंचावर पौंडाचं, म्हणजे मोटारीच्या चाकात साधारण 30 असतो ते. टाकीत चाळीस टनांहून जास्त मिथाइल आयसोसायनेट होतं. पावणेअकराला पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या पाळीतल्या माणसानं पाहिलं तेव्हा काटा 10 वर होता. पाऊण तासात पाचपट. टाकीत पाणी शिरलं होतं आणि आत रसायन तापायला लागलं होतं. पाणी कसं शिरलं यावर कंपनी एक सांगते, कामगार दुसरं. पण काटा खरा होता. तो बरोबर दाखवत होता.

कुणी धावलं नाही. 2 पासून 25 पर्यंतचा दाब तिथं नेहमीचा समजला जाई. नायट्रोजन भरून दाब वाढवायची रीतच होती, तेच केलं असेल असं वाटण्यासारखं होतं. आणि तिसरं कारण तिथल्या कामगारांनी नंतर सांगितलं. कारखान्यातली मापकं वरचेवर चुकीचं दाखवत, त्यामुळं त्यांच्यावर फारसा कुणाचा विश्वास राहिला नव्हता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. तापमान 11 अंशांवर गेलं की इशारा मिळावा अशी सोय होती, पण टाकी नेहमीच त्याहून गरम राहू लागल्यावर त्या इशाऱ्याला अर्थच उरला नाही. साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरू लागले. लहानसहान गळती तिथं नवी नव्हती. चहा झाल्यावर बघू, असं ठरलं.

मध्यरात्रीनंतर काटा 30 वर गेला. मग बघता बघता 55 वर, आणि 55 ही त्या मापकाची शेवटची रेघ. तापमानाचा काटाही 25 अंशांवर टेकला. तीही त्याची शेवटची रेघ. त्यापुढं आत किती आहे हे सांगायला यंत्राकडं जागाच नव्हती. नंतरच्या तपासणीतला अंदाज असा, की टाकीत तापमान 200 अंशांच्या वर आणि दाब 180 च्या वर गेला असावा. पाऊणच्या सुमारास झडप उघडली आणि वायू बाहेर पडला. बाहेरच्या वस्तीसाठी असलेला भोंगा वाजला, पण काही मिनिटांतच बंद करण्यात आला. पुन्हा वाजला तोवर फार उशीर झाला होता. मृतांचा सरकारी आकडा आधी 2,259 होता, नंतर 3,787 झाला. पीडितांच्या संघटना सांगतात तो त्याच्या कितीतरी पट आहे.

"तुमच्या त्या डब्यासारखं यंत्र असतं तर वाचले असते का लोक?" मी विचारलं.

दाजींनी मान हलवली. "तसं म्हणणं खोटं ठरेल. थंड करणारी यंत्रणा बंद. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला. वायू शोषून घेणारा मनोरा तयारीत नाही. पैसे वाचवायला माणसं कमी केलेली. एक डबा काय करणार? पण एक सांगतो. आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. आकड्यावरचा विश्वास उडाला की बरोबर आकडासुद्धा वाया जातो. कॅलिब्रेशन कशासाठी, तर नुसता आकडा बरोबर यावा एवढ्यासाठी नाही. ज्या रात्री तो वेगळं काही सांगेल, त्या रात्री माणसानं उठून पळावं म्हणून."

परतताना त्यांनी राजकुमार केसवानींची आठवण काढली. केसवानी भोपाळचे पत्रकार. 'रपट' नावाचं छोटंसं हिंदी साप्ताहिक चालवत. 1982 मध्येच त्यांनी या कारखान्याच्या धोक्याबद्दल एकामागून एक लेख लिहिले होते, पुढं जून 1984 मध्ये 'जनसत्ता'तही लिहिलं. अमेरिकेहून आलेल्या तपासणी पथकानंही 1982 च्या मे महिन्यात उणिवांची भली मोठी यादी केली होती. केसवानी 2021 मध्ये वारले. साप्ताहिकात लिहिणाऱ्या मला ते ऐकून अंगावर काटा आला. बरोबर दाखवणारा एक काटा तोही होता. छोट्या गावच्या छोट्या कागदावरचा, म्हणून कुणी पाहिलं नाही.

रिक्षात मी गप्प होते. दाजींना वाटलं, त्या जागेचा परिणाम. होताच. पण माझ्या डोक्यात दुसरीच एक रात्र फिरत होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अव्वा निपाणीला एकटीच राहायची, मी नोकरीमुळं बेळगावात. रोज संध्याकाळी फोन. अप्पा गेल्यापासून तिचं एक पालुपद होतं, "एदी भार आगेती." छाती जड झालीय. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी सगळी कामं टाकून धावले. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. दुसऱ्यांदा गेले, तेव्हाही काही नाही. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी ती तेच म्हणायची, आणि माझं उत्तर ठरलेलं, "गॅस झाला असंल अव्वा. जिऱ्याचं पाणी पी."

गॅस. आपल्या घराघरांतला हा किती साधा शब्द. भोपाळमध्ये तो असा सहज कुणी उच्चारत नाही.

त्या संध्याकाळीही ती तेच म्हणाली आणि मीही तेच म्हणाले. पेपर तपासायचे होते. रात्री अकराला शेजारच्या काकूंचा फोन आला. अव्वाला घामानं भिजलेली बघून त्यांनीच गाडी केली होती. ती वाचली. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. आता जिना चढायचा नाही, बादली उचलायची नाही. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. ते दोन-तीन तास मी पेपर तपासत होते.

मी स्वतःची समजूत घातली होती, की ती रोजच म्हणायची, मला कसं कळणार? भोपाळच्या त्या रस्त्यावरून येताना ही समजूत टिकेना. काटा रोज हलतोय म्हणून मी त्याच्याकडं बघणं सोडलं होतं. पण काटा रोज हलतोय तर तो का हलतोय, हे एकदा नीट बसून बघायला हवं होतं. एकट्या बाईची छाती संध्याकाळी जड होते, ती कधी दुखण्यानं, कधी घरातल्या शांततेनं. यातलं कुठलं केव्हा, हे ओळखायला माझ्याकडं प्रमाण काय होतं? तिचा बऱ्या दिवसाचा आवाज. तोच मी कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. फोनवर एक कान तिच्याकडं आणि एक डोळा कुकरच्या शिट्टीकडं.

घरी पोचलो तर अव्वा आणि अक्का अंगणात उन्हाला बसून मेथी निवडत होत्या. रात्री मी अव्वाशेजारी पडले आणि विचारलं, "अव्वा, त्या दिवशी तुला नेहमीपेक्षा वेगळं वाटत होतं का गं?"

"होय की. त्या दिवशी खरे होतं," ती म्हणाली.

खरे. हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत चालतो, त्याला तागडी-तक्कडी करावी लागत नाही. मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस, की आज खरे आहे म्हणून?"

"सांगितलं की. रोजच्या शब्दांतच सांगितलं. दुसरे शब्द कुठून आणू?"

अंधारात मी ती संध्याकाळ पुन्हा पहिल्यापासून आठवून बघितली. आणि मला सापडलं. अव्वाचा फोन रोज एकाच प्रश्नानं सुरू व्हायचा, "ऊटा आतेन?" मी जेवले का, काय केलं होतं, लेकरं जेवली का. बरी असो, नसो, हे आधी. मग तिची छाती, गुडघे, दूधवाला. त्या संध्याकाळी तिनं हे विचारलंच नव्हतं. फोन उचलल्या उचलल्या "एदी भार आगेती." बाकी सगळे शब्द रोजचे. एक प्रश्न तेवढा गळला होता. वेगळं काही सांगायचं ते तिनं तसं सांगितलं होतं, आणि तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

भोपाळहून परतल्यावर अव्वा पुन्हा निपाणीलाच गेली. घर सोडवत नाही तिला. दिवसभर एक बाई सोबतीला ठेवलीय. रक्तदाबाचं यंत्रही आणून दिलंय, आणि ते वर्षातून एकदा दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून बघते. दर पंधरवड्याला मी स्वतः जाते, कारण दाजी म्हणाले तसं, तार टाकीत आहे की टेबलावर हे इथून कळत नाही. जिना चढून बघावं लागतं.

आणि फोन आता दिवसातून दोनदा. सकाळचा फोन बऱ्या वेळेचा, त्यात दुखण्याचा विषय मी काढत नाही. ती दूधवाल्याला कशी बोलली, जात्रेला कोण आलं होतं, हे सगळं ऐकते. तिच्या आवाजाचा चढ, उतार, मधेच घेतलेला श्वास, सगळं मनात टिपून ठेवते. वेळ फार लागत नाही, पाच-सात मिनिटं. संध्याकाळचा आवाज कशाशी ताडायचा ते त्या पाच-सात मिनिटांत ठरतं. छाती जड झाल्याचं ती अजूनही अधूनमधून सांगते. मी आता जिऱ्याचं पाणी पी असं म्हणत नाही. कशी जड, केव्हापासून, बसून की पडून, एवढं विचारते. बहुतेक वेळा त्यातून अप्पांची आठवण निघते. मग आम्ही दोघी अप्पांबद्दल बोलतो.

काल संध्याकाळी फोन लावला, तीन-चार वेळा वाजला. तेवढ्या वेळात माझं मन कुठं कुठं जाऊन आलं ते सांगत नाही. मग पलीकडून भांड्यांचा आवाज आणि तिचा चढा स्वर, "हां, बोल. ऊटा आतेन?"

मी खुर्चीवर टेकले आणि काय काय केलं होतं ते सांगायला लागले.